कोनच्या धवलारणीचा लाल पट्टा

मी एक रबरी पट्टा बोलतोय. कमरेला बांधायचा नव्हे, दप्तराला लावायचाही नव्हे. मला बक्कल नाही, भोकं नाहीत. मी वीतभर रुंद, माणसाच्या उंचीएवढा लांब आणि रंगाने लाल. ओढलं की ताणलं जायचं आणि सोडलं की मूळ जागी यायचं, एवढंच माझं काम. कुणाचा खांदा आखडतो, कुणाचा गुडघा, कुणाचा खुबा. त्यांना व्यायाम करायला लावायचं तर आमची गरज पडते.

दूर दक्षिणेत एका झाडाच्या सालीला कुणीतरी चीर दिली आणि वाटीत जो पांढरा चीक ठिबकला, तो मी. मग कारखाना, रंग, वाफ. शेवटी भावंडांबरोबर गुंडाळी होऊन मी पनवेलला आलो. तळ्याजवळच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर कोमल मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. तिथे सुया नव्हत्या, बाटल्या नव्हत्या. दोन पलंग, एक मोठा आरसा, भिंतीला लोखंडी दांडा आणि कोपऱ्यात एक फुगलेला चेंडू. माणसं चेहरे पाडून यायची, कण्हायची, घाम पुसायची आणि जाताना विचारायची, "किती दिवस करायचं हे?" हा प्रश्न न विचारणारा माणूस मी तिथे पाहिला नाही.

एके सकाळी जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल घट्ट, दुसरं घसटत. दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, सावळी, कपाळावर हिरवं गोंदण. धापा टाकत होती, तरी आवाज असा की आरसा थरथरावा.

"बाय, जिना कशाला ठेवलास? ज्याचे पाय दुखतान त्यानंच चढायचा?"

ही चंद्रावती. कोन गावची धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात भटजीइतकाच मान धवलारणीला असतो. मांडव उभा राहिला, हळद लागली, की ती पाटावर बसून धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणते. देवांना बोलावते, कुळात होऊन गेलेल्या माणसांची नावं घेऊन त्यांनाही लग्नाला बोलावते. हे सगळं तिच्या डोक्यात. तिच्या सासूने शिकवलेलं, सासूला तिच्या सासूने. मागून साथ द्यायला तिची चुलत जाऊ ठमाबाई असे. आसपासच्या गावांतल्या कितीतरी जोडप्यांचे संसार या दोघींच्या आवाजाने सुरू झाले होते.

आधी तिचा गुडघा दुखायचा. निदान तिला तसं वाटायचं. वर्षभर ती गुडघ्याला तेल चोळत राहिली, बिब्ब्याचे चटके घेत राहिली. मग जांघेत कळ येऊ लागली. पाटावर बसलं की उठता येईना. पायाच्या बोटांची नखं कापता येईनात. रिक्षात चढताना पाय हाताने उचलून आत ठेवावा लागे. एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा कळलं, गुडघा ठणठणीत होता. झिजला होता तो उजव्या खुब्याचा सांधा.

कोमल मॅडमने तो फोटो उजेडासमोर धरला आणि सरळ सांगितलं, "काकी, झिजलेलं परत भरून येणार नाही. मी खोटी आशा दाखवणार नाही. पण सांध्याभोवतीचं मांस आपल्या हातात आहे. ते बळकट झालं की भार ते उचलतं, सांधा कमी कुरकुरतो. रोज करायला लागेल. दुखलं म्हणून बिघडलं असं समजायचं नाही. जरा दुखेल, दुसऱ्या दिवशी उतरेल. उतरलं नाही तर मला फोन करायचा."

"माना पाटावर बसता आलं पायजे," चंद्रावती म्हणाली; ‘मला’ला ती ‘माना’ म्हणायची. "माज्या नातीचा लगीन हाय. मनस्वीचा. तिचा धवला मी नाय गायला तर कोन गाईल?"

"खुर्चीवर बसून गा ना. आवाज तोच असेल."

"देवाला खाली बोलवायचा आन आपन वर बसायचा? तसा नाय चालत."

कोमल मॅडम हसली नाही. विचार करून म्हणाली, "पाट नको. उंच चौरंग घेऊ, वर गादी घालू. पाय पुढे सोडून बसा. तेवढं जमवू आपण."

चंद्रावतीने हाताने जमिनीपासून चौरंगाची उंची मोजून पाहिली. मग म्हणाली, "बरा."

तेव्हा कात्री चालली. गुंडाळीतून मला कापलं आणि चंद्रावतीच्या हातात दिलं. मी माझा जन्म तेव्हापासून धरतो.

चंद्रावतीचं घर कोनमध्ये, हमरस्त्यापासून जरा आत. शेतं गेली, त्या पैशात मुलाने, भावेशने, दुमजली घर बांधलं. खालचा गाळा टायरच्या दुकानाला भाड्याने दिला आणि घरातली माणसं वर राहू लागली. त्या जिन्याच्या पायऱ्या गुळगुळीत लादीच्या होत्या. घर बांधलं तेव्हा आई तुरुतुरु चालत होती, पुढे हा जिना जड जाईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

माझं एक टोक पलंगाच्या पायाला बांधलेलं असे आणि दुसऱ्या टोकाचा फास चंद्रावतीच्या घोट्यात. कठड्याला धरून ती उभी राही आणि पाय बाजूला नेई. मी ताणला जाई. तिच्या मांडीची थरथर माझ्या अंगात उतरायची. मग पाठीवर झोपून कंबर उचलायची. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. काठी डाव्या हातात धरायची. हे तिला पटायलाच किती दिवस गेले. "पाय उजवा दुखतंय, काठी डाव्या हातात कशाला?" असं ती जो भेटेल त्याला विचारायची. एकदा तशी चालून बघितली आणि मग विचारायची बंद झाली.

सुरुवातीला ती मला शिव्या द्यायची. आगरी शिव्या लांबलचक असतात, त्यात एक ठेका असतो. पुढे त्या ठेक्यावरच ती पाय उचलू लागली, आणि मग शिव्यांच्या जागी धवले आले. नात मनस्वी कामावरून आली की दारात टेकून ऐकायची.

"आजी, तुझी प्रॅक्टिस का एक्सरसाइज?"

"दोनी."

पावसाळा सरता सरता ती चौरंगावर बसली. मनिषाने, म्हणजे सुनेने, एका बाजूने धरलं होतं. बसली, पाय पुढे सोडला आणि कुणाचा हात न धरता उठलीही. ठमाबाई समोरच होती. तिने पदराने डोळे टिपले. चंद्रावती म्हणाली, "रडतंस काय, मेली नाय मी." त्या दिवशी माझ्यासारख्या रबराच्या तुकड्यालाही वाटलं की आपल्या जन्माचं सार्थक झालं.

पण माणसांची एक खोड मी पाहिली आहे. दुखणं थोडं कमी झालं की त्यांना ते पूर्ण जायला हवं असतं, आणि तेही लगेच. भावेशचं तसंच झालं. तो वाईट मुलगा नव्हता. आईचं दुखणं त्याला बघवत नव्हतं, आणि व्यायाम तर त्याहून बघवत नव्हता. घरात लग्नाची गडबड सुरू झाली. एक दिवस तो पलंगावर बसून माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, हे रबर किती दिवस ओढणार तू? काठी तर अजून हातात आहे. पाहुणे येतील, सगळे बघतील."

"कोमल बोलते, काठी राहील."

"नेरे गावाच्या बाजूला एक जण आहे. सांधा बसवतो. एका झटक्यात. आमच्या बांधकामाच्या साईटवरचा एक जण उचलून नेला होता, चालत आला."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. पण ती खिडकीतून अंगणाकडे बघत राहिली. तिथे मांडव पडणार होता. मग हळूच विचारलं, "पाटावर बसता येईल?"

"सगळं येईल म्हणाला."

हेच मला सांगताना जड जातं. त्याने तिला ओढून नेलं नाही. ती आपल्या पायाने गेली. चौरंगावर बसणं तिने कबूल केलं होतं, पण मनातून तिने पाट कधी सोडलाच नव्हता.

कोमल मॅडमकडे जायचा वार होता. नेहमीप्रमाणे तिने माझी घडी करून पिशवीत ठेवली. मनिषाला सांगितलं, "दवाखान्यात जाऊन येते." गाडी निघाली. पनवेलच्या गर्दीचे आवाज आले आणि मागे पडले. मग रस्ता शांत झाला, खड्डे लागले, कोंबडे ऐकू आले. डोंगराखालचं ते शेतघर मी पाहिलं नाही, पिशवीतून नुसतं ऐकलं. एका माणसाचा गोड आवाज, "घाबरू नका माऊली." तेलाचा वास. आणि मग एक आवाज, ओली फांदी पिळून मोडावी तसा. चंद्रावती ओरडली नाही. तिच्या तोंडून फक्त हवा बाहेर पडली. ती हवा किती तरी वेळ आत गेलीच नाही.

परत येताना तिला मागच्या सीटवर आडवं घातलं होतं. भावेश सारखा म्हणत होता, "आई, बोल ना. आई, काहीतरी बोल."

हाड मोडलं नव्हतं. मोडलं असतं तर कदाचित लगेच काही तरी झालं असतं. मांस फाटलं होतं, सांधा सुजून आला होता. पाय टेकवत नव्हता. मोठ्या दवाखान्यात सांध्याच्या ऑपरेशनचं बोलणं निघालं, पण हृदयाच्या डॉक्टरांना तपासताना तिच्या हृदयाची झडप आकसलेली सापडली आणि त्यांनी मान हलवली. आत्ता भूल देणं धोक्याचं आहे, पुढे बघू, असं म्हणाले. म्हणजे तो रस्ताही बंद. उरलो मीच.

कोमल मॅडम स्वतः घरी आली. भावेश तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. ती त्याच्या बाजूने आत गेली. पलंगावर बसून तिने चंद्रावतीच्या मांडीवर हात ठेवला. पडून पडून ती मांडी सुकत चालली होती.

"काकी, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. नुसता पाय दाबायचा गादीवर. इतकंच."

"लग्नापातूर बसेन मी?"

कोमल मॅडम खोटं बोलत नसे. "लग्नापर्यंत नाही," ती म्हणाली. "पण नंतर जिना उतराल."

"मग नंतर काय करू उतरून?" चंद्रावतीने विचारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर घोटा माझ्या फासात आला नाही. मनस्वी सांगून थकली, मनिषा सांगून थकली. कोमल मॅडमचे फोन आले, ते कुणीतरी घ्यायचं आणि "झोपल्यात" म्हणायचं. भावेशने भारी पलंग आणला, बटण दाबलं की पाठ उचलणारा. आईजवळ बसायचं मात्र त्याला होईना. तो दारातून विचारायचा, "काही पाहिजे?" आणि ती म्हणायची, "नाय." जुना पलंग निघाला तसा मीही सुटलो. खिडकीची झडप वाऱ्याने आपटायची, म्हणून मनिषाने मला गजाला गुंडाळून झडपेला बांधलं. मी तिथेच राहिलो, उन्हात.

हळदीच्या दिवशी खाली मांडव भरला. बायका पिवळ्या साड्या नेसून आल्या होत्या. भावेश चार मुलांना घेऊन वर आला. बरोबर हात असलेली खुर्ची होती.

"आई, तुला खुर्चीसकट खाली नेतो. हळूच नेऊ."

चंद्रावतीने त्या चौघांकडे पाहिलं. चौघं खुर्चीच्या चार कोपऱ्यांना उभे होते.

"माना तिरडीवानी उचलू नका," ती म्हणाली.

मुलं एकमेकांकडे बघत मागे सरकली. भावेश खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग खुर्ची तिथेच सोडून खाली गेला.

खाली ठमाबाई एकटी पाटावर बसली. मी खिडकीत होतो, मला सगळं दिसत होतं. तिने सुरुवात चांगली केली. देव बोलावले. ग्रामदेव आला, कुळदेव आला. इकडे पलंगावर चंद्रावतीचे ओठ हलत होते. मग कुळातल्या माणसांची नावं सुरू झाली. एक नाव, दोन नावं, आणि ठमाबाई थांबली.

मांडव शांत. ठमाबाईने पुन्हा मागची ओळ घेतली आणि पुन्हा तिथेच अडली. सगळा जन्म ती मागून गायली होती. चंद्रावतीने उचललं की ती झेलायची. पुढे व्हायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती.

चंद्रावतीने कोपरावर भार देऊन अंग उचललं, खिडकीकडे तोंड केलं आणि ती ओळ धरली. ज्या आवाजाने कधी आरसा थरथरला होता, तो पलंगाच्या कडेपर्यंतही गेला नाही. पडून राहिल्याने छातीतलं बळही गेलं होतं. तिने पुन्हा प्रयत्न केला. खाली डीजेवाल्याला वाटलं, बाईंचं झालं. त्याने गाणं लावलं. झडपेची काच थरथरू लागली, माझ्या अंगातून तो ठोका जाऊ लागला. बायका नाचायला उठल्या. ठमाबाई पाटावर तशीच बसून होती.

थोड्या वेळाने ती वर आली. हातांना हळद तशीच. पलंगाजवळ जमिनीवर बसली.

"चंद्रे, नाव राह्यला."

"कोनाचा?"

ठमाबाईने खाली मान घातली. "कमलाकरभाऊंचा."

कमलाकर म्हणजे चंद्रावतीचा नवरा, मनस्वीचा आजा. नातीच्या लग्नाला ज्याला सगळ्यांत आधी बोलवायचं, त्याचं बोलावणं राहून गेलं होतं.

चंद्रावती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे. गेलेला मानूस रागवत नाय."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मनिषा नंतर स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी सासरी जाताना मनस्वी वर येऊन पाया पडली. आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून आशीर्वादाचा शब्द निघाला नाही. नुसता हात, बराच वेळ.

लग्न होऊन गेलं, उन्हाळा आला, पाऊस आला. घरात आता कुणी व्यायामाचं नाव काढत नाही. चंद्रावती पलंगावरून न्हाणीघरापर्यंत चार पायांच्या वॉकरने जाते, परत येते. धवल्याची बोलावणी यायची थांबली. कुठल्याशा गावात आता मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावतात, असं ठमाबाई सांगत होती. चंद्रावतीने ऐकलं आणि मनिषाला पंखा वाढवायला सांगितला.

मागच्या आठवड्यात ठमाबाई आली तेव्हा तिच्या येण्याचा आवाज वेगळा होता. एक पाऊल घट्ट, दुसरं घसटत. ती खुर्चीवर बसली, गुडघा चोळत.

"गुडघा धरलाय माजा. तेल लावते."

चंद्रावतीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत तिने असं कुणाकडे पाहिलं नव्हतं.

"जांघेत कळ येते?"

"येते थोरी."

"चपला घालाया वाकवत नाय?"

ठमाबाईने गुडघा चोळणं थांबवलं.

"तो गुडघा नाय, ठमे," चंद्रावती म्हणाली. "तेल बंद कर. उद्याच्या उद्या कोमलकडं जा. ती सांगेल ता कर. लगीन असो, मयत असो, कर. आन कोन बोलला एका झटक्यात बरा करतो, तर त्याच्या दारात पाय ठेवू नको." मग तिने खिडकीकडे बोट दाखवलं. "ता रबर सोड. घेऊन जा."

ठमाबाईने मला गजावरून सोडवलं. किती दिवसांनी माणसाचा हात लागला. उन्हाने माझा लाल रंग विटला होता, अंगावर बारीक भेगा पडल्या होत्या. मी तिला सांगू शकत नव्हतो की आता माझ्यात जोर नाही. तिने खुर्चीत बसल्या बसल्या फास पायात घातला, चंद्रावतीने पूर्वी घातलेला पाहिला होता तसा, आणि ओढला.

मी मधोमध तुटलो.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. एक तुकडा ठमाबाईच्या हातात, दुसरा घोट्याला.

"तुटला," ठमाबाई म्हणाली.

"नवीन दील ती. तू जा."

"तू पन चल ना. भावेशला सांगते, गाडी काढंल. आपन दोघी जाव."

चंद्रावती हसल्यासारखी झाली. "मी कुठं येतंय आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली रिक्षा येऊन थांबली. ठमाबाईने खालूनच हाक मारली, "चंद्रे, येतंस का?" रिक्षावाल्याने हॉर्न दिला. चंद्रावतीने वॉकर पुढे ओढला. दोन्ही हात त्यावर ठेवले. पाय पलंगाखाली सोडले. मला वाटलं, आता उठते. जिन्याच्या त्या गुळगुळीत पायऱ्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या असाव्यात. ती तशीच बसून राहिली, हात वॉकरवर. पुन्हा हॉर्न वाजला. मग रिक्षा निघाल्याचा आवाज आला आणि हमरस्त्याच्या आवाजात मिसळून गेला. तिने पाय एक एक करून हाताने उचलले आणि पलंगावर परत ठेवले.

मी खिडकीच्या कट्ट्यावर दोन तुकड्यांत पडलोय. मनिषा आज ना उद्या केरात टाकेल. मला त्याचं दुःख नाही, रबराला तेवढंच आयुष्य असतं. पण तुमच्या घरात कुणी एक पाय घसटत चालत असेल आणि माझ्यासारखा एखादा पट्टा कपाटात पडून असेल, तर तो आज बाहेर काढा. त्यांच्याजवळ बसा. दुसरं टोक तुम्ही धरा. झटक्यात काही होणार नाही, कंटाळा येईल, तरी धरा. माझं दुसरं टोक पलंगाच्या पायाला बांधलेलं होतं. तिथे माणसाचा हात असता, तर ती नेऱ्याला जाणाऱ्या त्या गाडीत बसली नसती, असं मला वाटत राहतं.

येतो मी.